सतीवुस, सतीवा, सतीवुम

भाताला वनस्पतिशास्त्रात 'ओरीझा सतीवा' म्हणतात, लसणीला 'अल्लिउम सतीवुम' आणि मुळ्याला 'राफनुस सतीवुस'. या तिन्ही नावांतील दुसरे पद हे एकच लॅटिन विशेषण आहे. 'पेरणे' या अर्थाच्या धातूपासून 'सतुस' म्हणजे 'पेरलेला' हे धातुसाधित, आणि त्यापासून 'सतीवुस' हे विशेषण, अशी त्याची व्युत्पत्ती. रानात आपोआप न उगवता मनुष्याच्या हातून जे पेरले जाते, ते सतीवुस. कार्ल लिनेयसने १७५३ साली 'स्पेसिएस प्लांतारुम' या ग्रंथात प्रजातिवाचक पद आणि त्यापुढे एक विशेषक पद अशी द्विपद नामपद्धती सर्व वनस्पतींना लागू केली, तेव्हापासून हे रोमन शेतकऱ्याचे विशेषण जगातील प्रत्येक वनस्पतिसंग्रहालयाच्या दप्तरात जाऊन बसले. परंतु ते नामाप्रमाणे रूप का बदलते आणि त्याचा उच्चार कसा करावा, या दोन प्रश्नांवर जाणत्यांचे दोन पक्ष आहेत. ज्याच्या लेखी नाव म्हणजे ओळखीची खूण, तो एक. आणि ज्याच्या लेखी नाव म्हणजे भाषेचे अपत्य, तो दुसरा. या दोन पक्षांना वाचा देऊन त्यांचा वाद येथे मांडला आहे. पहिल्याला प्राध्यापक म्हटले आहे, दुसऱ्याला शास्त्रीबुवा.

प्राध्यापक : शास्त्रीबुवा, माझी बाजू प्रथमच उघड मांडतो. वनस्पतीचे नाव हा माझ्या दृष्टीने एक दाखला आहे. तो लंडनच्या क्यू उद्यानात दाखवा की हावड्याच्या शिबपूर उद्यानात, तीच वनस्पती समोर यावी, एवढेच त्याचे प्रयोजन. विशेषणाने नामाच्या लिंगाप्रमाणे तीन वेश घ्यावेत ही रोमन माणसाच्या बोलण्याची गरज असेल. ती आजच्या शास्त्राची गरज कशी ठरते? प्राणिशास्त्राच्या नामसंहितेतही असाच नियम आहे, परंतु पतंग आणि फुलपाखरे यांच्या अभ्यासकांपैकी पुष्कळांनी तो बाजूस ठेवून, मूळ लेखकाने प्रथम जे रूप लिहिले तेच कायम राखण्याची वहिवाट पाडली आहे. त्यामुळे सूची चाळणाऱ्याचे श्रम वाचतात, आणि एकाच प्राण्याची दोन वेगळ्या प्रत्ययांखाली दोनदा नोंद होण्याचा धोका टळतो. आम्ही तसे का करू नये?

शास्त्रीबुवा : आपला प्रश्न रास्त आहे, पण मराठी माणसाने तो विचारावा याचे मला नवल वाटते, कारण ज्या गोष्टीस आपण रोमन माणसाचा वेश म्हणता ती आपण जन्मापासून बोलत आलो आहोत. काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू असे म्हणताना आपल्याला व्याकरण आठवावे लागत नाही. तोच काळा वर्ण लॅटिनमध्ये 'निगेर, निग्रा, निग्रुम' अशी रूपे घेतो. पुल्लिंगी रूपातील 'ए' हा स्वर इतरत्र गळतो, एवढाच त्यातला विशेष. म्हणून काळी मोहरी 'ब्रास्सिका निग्रा' आणि मिरी 'पिपेर निग्रुम'. आणि आपण संस्कृतात 'नवः, नवा, नवम्' म्हणतो, त्याच्या शेजारी 'नोवुस, नोवा, नोवुम' ठेवून पाहा. अर्थ एक, धातू एक, आणि प्रत्ययांची त्रयीही एकाच पूर्वज भाषेकडून आलेली. युरोपातील इंग्रज विद्यार्थ्याला जे घोकून पाठ करावे लागते, कारण त्याच्या भाषेतील विशेषणाचे रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही, ते आपल्या विद्यार्थ्याच्या जिभेवर आधीच आहे.

प्राध्यापक : सवय आहे म्हणून उपयोग आहे असे ठरत नाही.

शास्त्रीबुवा : मग उपयोगच सांगतो. प्रत्यय हा विशेषणाने दिलेला साक्षीचा जबाब असतो. आपण कोणत्या नामाचे आहोत आणि ते नाम कोणत्या लिंगाचे आहे, हे तो सांगतो. हरभऱ्याचे नाव 'किकेर आरिएतीनुम'. 'किकेर' हा शब्द 'निगेर'सारखा दिसतो म्हणून कोणी त्यास पुल्लिंगी समजेल. पण पुढचे 'नुम' हे अंत्याक्षर लगेच सांगते की तो नपुंसकलिंगी आहे. उलट कांद्याचे नाव पाहा, 'अल्लिउम केपा'. लसूण 'अल्लिउम सतीवुम', मग कांदा 'अल्लिउम केपुम' का नाही? कारण 'केपा' हे विशेषणच नव्हे. कांद्याला रोमन लोक जे म्हणत ते नामच लिनेयसने तेथे ठेवले आहे, आणि नाम दुसऱ्या नामासाठी आपले लिंग सोडत नाही. म्हणजे शेवटच्या एका अक्षरावरून, हे पद गुण सांगते की स्वतःच एक जुने नाव आहे, हे जाणता वाचक ओळखतो. आपण प्रत्यय गोठवलेत तर ही सर्व माहिती नष्ट होईल, आणि मिळेल काय, तर चाळण्यातली थोडी सोय.

प्राध्यापक : ही माहिती नेहमी खरी असते असे मात्र म्हणू नका. माझे विद्यार्थी दरवर्षी जिथे अडखळतात ते नाव आहे चिंचेचे, 'तामारिन्दुस इन्दिका'. नामाचा अंत 'उस', विशेषणाचा अंत 'आ'. फणस 'आर्तोकार्पुस हेतेरोफिल्लुस', तेथे दोन्ही पदे 'उस'कारान्त. आणि त्याच कुळातला उंबर 'फीकुस राकेमोसा', तेथे पुन्हा विसंगती. एकाच कुळातली दोन झाडे, दोघांच्या नावांचे शेवट सारखे, आणि विशेषणे मात्र भिन्न लिंगांची! यात आपल्या साक्षीदारावर विश्वास कसा ठेवायचा?

शास्त्रीबुवा : साक्षीदार खरेच बोलतो, त्याची भाषा समजून घेतली पाहिजे. लॅटिन भाषेत झाडांची नावे, त्यांचा अंत 'उस' असला तरी, बहुधा स्त्रीलिंगी असतात. 'पिरुस' म्हणजे नासपतीचे झाड, ते स्त्रीलिंगी. आणि 'पिरुम' म्हणजे त्याचे फळ, ते नपुंसकलिंगी. संस्कृतातही 'आम्रः' म्हणजे झाड आणि 'आम्रम्' म्हणजे फळ असाच भेद आहे, आणि पाणिनीने त्याची व्यवस्था लावून दिली आहे. फरक एवढाच की आपल्याकडे झाड पुल्लिंगी, रोमन लोकांकडे स्त्रीलिंगी. 'फीकुस' हे जुने लॅटिन वृक्षनाम म्हणून ते स्त्रीलिंगी, आणि म्हणून आपल्या पिंपळाचेही नाव 'रेलिगिओसा'. 'तामारिन्दुस' हा शब्द मुळात अरबी, पण लिनेयसने त्याला वृक्षांच्या पंक्तीत बसवून स्त्रीलिंग दिले. 'आर्तोकार्पुस' मात्र ग्रीक शब्दांवरून नव्याने घडवलेला समास. त्याचे उत्तरपद 'कार्पोस', म्हणजे फळ, ग्रीकमध्ये पुल्लिंगी, म्हणून सबंध समास पुल्लिंगी. यात विसंगती नाही. प्रत्येक शब्दाचे कुलवृत्त वेगळे आहे.

प्राध्यापक : ठीक. पण आपणच आता माझ्या हाती शस्त्र दिलेत. आमच्या वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत स्पष्ट लिहिले आहे की प्रजातिवाचक नामाचे लिंग नामकरणाच्या परंपरेने ठरते. अभिजात लॅटिनमधील प्रयोग निराळा असला तरी परंपरा श्रेष्ठ. म्हणजे शेवटी वहिवाटच व्याकरणावर मात करते. आणि भाषेचे बंधनही आम्ही हळूहळू सैल करीत आलो आहोत. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच दिले पाहिजे असा १९३५ पासून दंडक होता. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी वर्णनही ग्राह्य झाले.

शास्त्रीबुवा : वर्णनाची भाषा सुटली, नावाची सुटली नाही, हे ध्यानात घ्या. आणि वहिवाटीने लिंग ठरते हे मला मान्य आहे. पण एकदा ते ठरले की विशेषणाला मुभा नाही. आपल्या दशमुळांतला टेटू घ्या. लिनेयसने त्याचे नाव 'बिग्नोनिआ इन्दिका' ठेवले होते. पुढे कुर्त्सने त्यास 'ओरोक्सिलुम' या प्रजातीत नेले, आणि ती नपुंसकलिंगी असल्याने त्याच विशेषणाचे 'इन्दिकुम' झाले. उपळसरी, जिला अनंतमूळ म्हणतात, ती लिनेयसच्या ग्रंथात 'पेरिप्लोका इन्दिका'. रॉबर्ट ब्राउनने ती 'हेमिदेस्मुस' या पुल्लिंगी प्रजातीत घातली आणि 'इन्दिका'चे 'इन्दिकुस' झाले. जमिनीच्या कागदावर फेरफार नोंदवताना जसा गटनंबर तोच राहतो आणि खातेदाराचा रकाना बदलतो, तसे हे आहे. आणि मूळ नामकर्त्याचे नाव आपण कंसात राखता, म्हणजे जुनी नोंदही लोपत नाही. प्रत्यय गोठवला तर 'हेमिदेस्मुस इन्दिका' असे रूप उभे राहील, आणि ज्याला व्याकरण कळते त्याला ते 'काळी घोडा' म्हटल्यासारखे कायमचे टोचत राहील.

प्राध्यापक : रूपाच्या बाबतीत मी आपल्याशी फार तंडत नाही, संहितेत नियम आहे, चुकीचा प्रत्यय आढळला तर तो दुरुस्त करण्याची आज्ञाही आहे, आणि मी तो हुकूम पाळतो. परंतु उच्चारासाठी कोठेही कायदा नाही. नावे मुख्यतः लिहिण्यासाठी आहेत. वनस्पतिशास्त्रीय लॅटिनवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारे विल्यम स्टर्न यांनीही १९६६ साली हेच म्हटले, की ही भाषा मूलतः लेखनाची आहे, आणि उच्चार कानाला बरा वाटला व संबंधितांना कळला की पुरे. आता आमच्या कडुनिंबाचे नाव घ्या. 'आझादिराख्ता' हा 'आझाद दरख्त' या फारसी शब्दांचा अपभ्रंश. 'मांगिफेरा' या आंब्याच्या नावातला पूर्वार्ध दक्षिण भारतातून पोर्तुगीजांच्या तोंडी गेलेला. यांना रोमन माणसाने कसे उच्चारले असते हा प्रश्नच निरर्थक आहे. म्हणून आम्ही 'ओरायझा सटायव्हा' म्हणतो, 'मँजिफेरा इंडिका' म्हणतो, आणि आमचे काम चालते.

शास्त्रीबुवा : स्टर्न यांचे वाक्य आपण अर्धे सांगितलेत. त्याच ठिकाणी ते पुढे म्हणतात की हा हेतू साधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अभिजात लॅटिनच्या उच्चारनियमांप्रमाणे बोलणे. आणि आपल्या 'सटायव्हा' या एका शब्दात परकेपणाच्या तीन खुणा आहेत. त्या लॅटिनच्या नाहीत, इंग्रजीच्या आहेत. पहिली खूण 'ट'. लॅटिनचे 'त' आणि 'द' दन्त्य होते, आणि लॅटिनच्या कन्या असलेल्या इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच या भाषांत ते आजही दन्त्यच आहेत. इंग्रजांची जीभ दातांच्या मागे हिरडीवर टेकते, म्हणून त्यांचा उच्चार आपल्या कानाला 'ट' वाटतो. दुसरी खूण 'आय'. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत दीर्घ स्वरांचे जे मोठे स्थलांतर झाले, त्यात दीर्घ 'ई' चा 'आय' झाला, आणि त्यांनी शाळेतले लॅटिनही त्याच रीतीने वाचण्यास आरंभ केला. तिसरी खूण 'व्ह'. रोमन लोक 'उ' आणि 'व' एकाच अक्षराने लिहीत. दोन निरनिराळी अक्षरे करण्याचा शिरस्ता सोळाव्या शतकात पडू लागला. ओठ न दाबता, 'उ'कडे झुकणारा जो 'व' आपण 'वारा', 'वाट' या शब्दांत म्हणतो, तो त्या ध्वनीला इंग्रजीपेक्षा पुष्कळ जवळचा आहे. जर्मन, इटालियन, स्पॅनिश, पोलिश अभ्यासकांना विचारा. त्यांच्यापैकी कोणीही 'सटायव्हा' म्हणणार नाही. मग आपला उच्चार आंतरराष्ट्रीय कसा? तो एकाच राष्ट्राचा आहे, आणि तेही आपले नव्हे.

प्राध्यापक : दोन हजार वर्षांपूर्वी मृत झालेल्या तोंडांचा उच्चार आपल्याला इतक्या खात्रीने कसा कळला?

शास्त्रीबुवा : साक्षीपुराव्याने. ग्रीक लेखकांनी रोमन नावे आपल्या लिपीत लिहिताना 'वालेरिउस' या नावाच्या आरंभी 'ऊ'कारवाचक अक्षरे घातली, आणि सिसेरोचे नाव 'किकेरोन' असे लिहिले. म्हणजे 'व' स्वरसदृश होता आणि 'क' सर्वत्र 'क'च होता. जर्मन भाषेने जे शब्द लॅटिनकडून अगदी आरंभी घेतले, त्यांत सम्राटवाचक 'कायझर' आणि तळघरवाचक 'केल्लर' हे 'क' जपून आहेत. आणि सिसेरोने स्वतः एक प्रसंग नोंदवला आहे. सेनापती क्रास्सुस पार्थियावरील स्वारीसाठी ब्रुन्दिसिउम बंदरात सैन्य गलबतांवर चढवीत असता, काउनुस गावचे अंजीर विकणारा एक फेरीवाला 'काउनेआस' अशी आरोळी देत होता. ती आरोळी म्हणजे 'कावे ने एआस', अर्थात 'सांभाळ, जाऊ नकोस', हा शकुनच होता, असे पुढे म्हटले गेले. क्रास्सुस गेला आणि इसवी सनपूर्व ५३ मध्ये कार्रायच्या लढाईनंतर मारला गेला. शकुनाचे काहीही असो. त्या आरोळीत हे वाक्य ऐकू येण्यासाठी 'व' हा 'उ'च्या अगदी लगत असणे अवश्य होते.

प्राध्यापक : पुरावा मान्य. पण रोमन लोकांचाच उच्चार स्थिर होता काय? पहिल्या शतकापासून शिलालेखांत 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल दिसू लागते हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे रोमन चर्चने इटालियन वळणाचा उच्चार घेतला, आणि १९१२ साली पोप दहावे पायस यांनी फ्रान्समधील बूर्जच्या आर्चबिशपना लिहिलेल्या पत्रात त्याचाच पुरस्कार केला. गोव्यातील ख्रिस्ती देवळांतून, प्रार्थना कोकणीत होऊ लागण्यापूर्वी, शतकानुशतके लॅटिन ऐकू येत होते. यांपैकी कोणत्या शतकाचा अंमल आपण माझ्या प्रयोगशाळेवर बसवणार?

शास्त्रीबुवा : कोणत्याही एका शतकाचा नाही. १५२८ साली इरॅस्मसने लॅटिन आणि ग्रीक यांच्या शुद्ध उच्चारावर ग्रंथ लिहिला, तोही सिंह आणि अस्वल यांच्या संवादाच्या रूपाने. त्या काळीही प्रत्येक देशाचा पंडित आपलाच उच्चार खरा समजत होता, आणि तरीही मूळ शोधण्याचा यत्न त्याने सोडला नाही. चर्चच्या रीतीने वाचले तरी 'सतीवा'तला 'त' आणि 'ई' जागच्या जागीच राहतात. तेव्हा 'व' थोडा दाबून म्हणणाऱ्याशी माझी तक्रार नाही. माझा आग्रह दोनच गोष्टींचा, मात्रा आणि आघात. पहिल्या शतकातील आचार्य क्विन्तिलिआनुसने आघाताचा जो नियम सांगितला, तो मराठी वृत्तांचा अभ्यास केलेल्यास एका वाक्यात सांगता येतो : उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या मागच्यावर, आणि गुरुत्व दीर्घ स्वराने येते, तसेच पुढे जोडाक्षर असल्यानेही येते. म्हणून 'सतीवुस'मध्ये आघात 'ती'वर आणि 'इन्दिकुस'मध्ये 'इन्'वर. गुरू, लघू, संयोग या सर्व संज्ञा आपल्याकडे तयार आहेत, आणि ह्रस्वदीर्घ दाखवणारी लिपीही आहे. रोमन लिपीतील छापील नाव पाहून इंग्रज विद्यार्थ्याला 'इ' दीर्घ की ह्रस्व हे कळत नाही. नागरीत लिहिले तर आपल्या मुलाला ते आपोआप कळते.

प्राध्यापक : नागरीही सर्वसमर्थ नाही. लॅटिनचा ह्रस्व 'अ' आपल्या 'अ'पेक्षा अधिक उघडा होता, आणि शब्दान्तीचा ह्रस्व 'अ' दाखवण्यासाठी आपल्याला 'सतीवा' असा दीर्घ आकार लिहावाच लागतो.

शास्त्रीबुवा : खरे आहे, पण एका स्वराची उणीव ही तीन ध्वनींच्या विपर्यासाहून बरी. आणि आंब्याचे नाव पाहा. आपण 'मँजिफेरा' म्हणता तेव्हा त्यातला 'मांग' नाहीसा होतो. अभिजात लॅटिनमध्ये 'ग' कधीही 'ज' होत नसे, म्हणून 'मांगिफेरा' म्हणा, म्हणजे दक्षिणेतला तो जुना शब्द पुन्हा ऐकू येईल. लॅटिन आणि आपले अशा दोन जगांची गाठ पूर्वीही पडली आहे. डच अधिकारी हेन्द्रिक फान ऱ्हेडे याचा मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मालाबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट या तीन कोकणी वैद्यांचा दाखला नागरी लिपीत आहे, आणि याच ग्रंथाचा आधार लिनेयसने अनेक नावांसाठी घेतला. लॅटिन वनस्पतिविद्येच्या पायाशी नागरी अक्षरे आहेत. त्या अक्षरांत ती नावे नीट लिहिणे ही उसनवारी नव्हे.

प्राध्यापक : माझा विद्यार्थी उद्या परदेशी परिषदेत 'सतीवा' म्हणेल आणि इंग्रज श्रोता गोंधळेल, ही भीती मात्र मी सोडणार नाही.

शास्त्रीबुवा : त्याला दोन्ही शिकवा; इंग्रजी सभेत इंग्रजी रीत आणि मराठी वर्गात लॅटिनची रीत. ज्याला मूळ ठाऊक आहे त्याला वळण ओळखता येते. ज्याला वळणच ठाऊक आहे त्याला मूळ कधी सापडत नाही.

येथे दोन्ही बाजू पुरेशा मांडल्या गेल्या, आणि निवाडा देण्याची वेळ आली आहे. रूपाच्या प्रश्नावर प्राध्यापकांनीच नियम मान्य केला, आणि तो योग्य आहे. विशेषणाचा प्रत्यय ही शोभा नसून माहिती आहे, आणि एका प्रजातीतून दुसरीत गेलेल्या वनस्पतीचा इतिहास त्या प्रत्ययाच्या बदलात वाचता येतो. उच्चाराच्या प्रश्नावर कायदा नाही हे प्राध्यापकांचे म्हणणे खरे आहे. पण कायदा नसणे म्हणजे विवेक नसणे नव्हे, आणि जेथे निवड मोकळी आहे तेथे मूळ भाषेला आणि आपल्या भाषेला एकाच वेळी जवळ असणारा उच्चार सोडून, केवळ सवयीने दूरचा उच्चार घेण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून मराठीत वनस्पतिशास्त्राची पुस्तके लिहिणाऱ्यांना आणि ती शिकवणाऱ्यांना माझी विनंती अशी, की लॅटिन नाव नागरीत देताना 'ट' आणि 'ड' यांच्या जागी 'त' आणि 'द' लिहा, ह्रस्वदीर्घ कोशात पाहून द्या, प्रजातीच्या नावापुढे तिचे लिंग एका अक्षराने नोंदवा, आणि पहिल्याच तासाला 'काळा, काळी, काळे' यांच्या शेजारी 'निगेर, निग्रा, निग्रुम' फळ्यावर लिहा. एवढे केले तर विद्यार्थी ही नावे घोकणार नाही, समजून घेईल; आणि समजलेले नाव चुकीच्या प्रत्ययाने लिहिले जात नाही.